अंजिरांच्या मोसमातलं एक 'होय'

एका बाईंच्या उत्तरापुढे मी 'होय' लिहिलं. त्या 'होय' म्हणाल्या नव्हत्या. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, तेव्हा माझ्याबरोबर काम करणाऱ्या मृणालला नाही, आणि ज्यांना त्याच आठवड्यात सांगायला हवी होती त्या रेगे मॅडमना तर नाहीच. चार वर्षं झाली. तशी गोष्ट लहान आहे. पेनानं केलेली एक खूण, तीही चौकटीच्या आत, नीट.

अंजिरं आली की ती खूण आठवते. फेब्रुवारी सरत आला की पुण्यात सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी पंखा. त्याच दिवसांत कधीतरी आमच्या कोपऱ्यावर एक माणूस स्कूटरच्या सीटवर पाटी ठेवून उभा राहतो. पाटीत खरखरीत हिरवी पानं, पानांवर अंजिरं, काही हिरवी, काही जांभळट, तळाशी डोळा किंचित उघडलेला. परवा तो आला. मी न मागताच त्यानं एक उचलून माझ्या हातावर ठेवलं, म्हणाला, पहाटेची आहेत, पुरंदरची. फळ थंड होतं. देठाला पांढरा थेंब अजून ओला होता. तो माझ्या बोटाला लागला आणि थोड्या वेळानं तिथं खाजायला लागलं. चीक. मी घरी येऊन हात धुतला, पण तोवर सगळं आठवून झालं होतं.

आणि त्याच संध्याकाळी रेगे मॅडमचा फोन. अभ्यासक्रमाची नवी तुकडी बसली आहे, म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी या आणि मुलाखती कशा घ्यायच्या ते सांगा. तुमचे फॉर्म मी दरवर्षी नमुना म्हणून दाखवते. "फार नीट आहेत हो ते," त्या म्हणाल्या आणि जरा थांबल्या. त्या थांबण्यात काय होतं ते मला माहीत आहे.

तो मोसम! खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर मोसम होता. अपराध त्याच्या पोटात आहे हे खरं, पण अंजिराच्या पोटातही काय काय असतं, म्हणून कुणी ते गोड नाही असं म्हणत नाही.

मी रसायनशास्त्र शिकवतो. बारा वर्षं मी डिंक आणि मेण यांचं एक पातळ आवरण बनवत होतो. दुधट पाणी असतं, फळ त्यात बुडवून काढलं की वाळून अंगावर न दिसणारा पापुद्रा बसतो. खाल्लं तरी चालतं, चव नाही, वास अगदी पुसट, मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा. अंजीर झाडावरून उतरलं की दीड-दोन दिवसांत ढासळतं, या पापुद्र्यानं ते आणखी दोन दिवस तग धरतं. त्यावर मी निबंध लिहिले, परिषदांना गेलो, आणि आवरण बाटलीतच राहिलं. मृणाल माझ्याकडे संशोधन करायला आली तेव्हा तिनं पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "सर, हे कोणी वापरते का?" ती यवतमाळची. सरळ विचारते. मी म्हटलं होतं, वापरतील.

मग विद्यापीठात तो अभ्यासक्रम आला. शास्त्रज्ञांना धंदा शिकवायचा, प्रयोगशाळेतलं बाजारात न्यायचं. आठ आठवडे, दर शुक्रवारी वर्ग, आणि मधल्या दिवसांत शंभर माणसांशी बोलून यायचं. शिकवायला रेगे मॅडम. साठीच्या, सुती साडी आणि पायात धावायचे बूट. तीस वर्षं भोसरीत पंप विकलेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, आपलं गिऱ्हाईक कोण? मी म्हणालो, शेतकरी.

"नाव काय त्याचं?"

मी वही चाळायला लागलो.

"गिऱ्हाईकाला नाव असतं, सर. बसा."

मी बसलो. बाविसाव्या वर्षी तोंडी परीक्षेत असा बसलो होतो, त्यानंतर थेट पंचेचाळिशी उलटल्यावर. पण कानशिलं तापली होती आणि त्या तापण्यात मजा होती. शेजारी मृणाल वहीत तोंड खुपसून हसत होती.

त्यांचे नियम दोनच. एक, शंभर मुलाखती होईपर्यंत आपल्या शोधाचं नावही काढायचं नाही. बाटली दाखवली की माणूस बाटलीबद्दल बोलतो, स्वतःबद्दल बोलायचं थांबतो. दोन, माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. त्यासाठी फॉर्मवर एक रुंद रकाना होता, वर छापलेलं, 'नेमके शब्द'. खाली तीन चौकटी, 'होय', 'नाही', 'सांगता येत नाही'.

माझी पहिली मुलाखत मंडईत. मी फॉर्मची पाटी छातीशी धरून एका फळवाल्यासमोर उभा राहिलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, घ्यायचंय का विचारायचंय? मी प्रामाणिकपणे म्हणालो, विचारायचंय. "मग जरा बाजूला उभे राहा. घेणाऱ्यांना येऊ द्या." मी वीस मिनिटं बाजूला उभा राहिलो. गर्दी ओसरल्यावर त्यांनी स्वतःच हाक मारली, अहो मास्तर, या, विचारा काय ते. आणि मग असे बोलले की माझा हात लिहून लिहून दुखायला लागला. कुठल्या गावचं फळ कुठल्या वाराला येतं, पानाची कड वाळली की फळ कधीचं ते कसं ओळखायचं, अंजीर कुणी हाताळून ठेवून दिलं तर त्याच्या अंगावर बोटांचे ठसे दुपारपर्यंत कसे उमटतात. बारा वर्षं मी अंजिरावर काम करत होतो. हे ठसे मी कधी पाहिले नव्हते.

त्या रात्री जेवताना मी बोलत राहिलो. मी. बायको आमटी वाढता वाढता थांबली, म्हणाली, आज काय झालंय तुम्हाला? चोवीस वर्षांत मी जेवताना 'मीठ' या शब्दापलीकडे फारसं गेलो नव्हतो.

मग ते व्यसनच लागलं. सकाळी सहाला मार्केट यार्डात, दुपारी आईस्क्रीमवाल्यांकडे, सुट्टीच्या दिवशी दिवेघाट चढून पलीकडे. मार्चचं ऊन, घाटात पळसाचं एखादं झाड पेटलेलं, खाली तळ्याचं पाणी, स्कूटरवर मागे मृणाल, तिच्या पिशवीत फॉर्म आणि दोघांत मिळून चिक्कीचं एक पाकीट. अनोळखी माणसाच्या दारात उभं राहायचं, त्यानं ये म्हणायच्या आत जी धडधड होते ती, आणि त्यानं बस म्हटल्यावर जी सुटका होते ती. मला माणसांशी बोलायला आवडतं, हे मला त्या मोसमात कळलं. इतकी वर्षं मी स्वतःला घुमा समजत होतो. मी नुसता न विचारलेला होतो.

शुक्रवारी प्रत्येकानं काय शिकलो ते सांगायचं. आमच्यात भौतिकशास्त्राचे एक गृहस्थ होते, गर्दी मोजणारं यंत्र केलेलं. ते तुळशीबागेत दुकानदारांच्या मुलाखती घ्यायला गेले आणि दोन चादरी आणि एक पोळपाट घेऊन परत आले. रेगे मॅडम म्हणाल्या, तुम्ही त्यांच्याकडून काही शिकला नाहीत, पण विकायचं कसं ते त्यांनी तुम्हाला दाखवलं, तेही चालेल. सगळे हसले. ते गृहस्थ सगळ्यात जास्त.

माझ्यावर हसू आलं ते तिसऱ्या शुक्रवारी. मॅडम माझे फॉर्म चाळत होत्या. एकेक उलटताना त्यांच्या भुवया वर जात होत्या. मग त्यांनी एक मोठ्यानं वाचला, 'काढणीपश्चात टिकाऊपणा ही आमच्या दृष्टीनं कळीची समस्या आहे.' वाचून माझ्याकडे पाहिलं. "हे कोण म्हणालं?"

मी म्हणालो, सासवडकडच्या एक शेतकरी बाई.

"सर, आपल्या सगळ्या बायका प्रमाण मराठी बोलतात का?"

मी म्हणालो की मी फक्त भाषा सुधारली, आशय तोच आहे. वर्ग खदखदला. मीही हसलो. पण रेगे मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, अहो, आशय भाषेतच होता. मृणालचे फॉर्म त्यांनी सगळ्यांना दाखवले. तिच्या नेमक्या शब्दांच्या रकान्यात असं असायचं, 'फळ टिकलं काय न् न टिकलं काय, सहाला गाळ्यावर पोचलं न्हाय तर संपलं.' आणि असं, 'बरं. (पाटी उचलत.)' आणि असं, 'बरं बरं. (दुसऱ्याकडे बघत.)' ती कंसात माणसाचे हातसुद्धा लिहायची.

त्या दिवशी मॅडमनी अर्धा तास एका शब्दावर घालवला. बरं. तुम्ही शास्त्रज्ञ लोक, त्या म्हणाल्या, 'बरं' ऐकलं की खूश होता. 'बरं' म्हणजे होय नव्हे. 'बरं' म्हणजे ऐकलं. 'बरं' म्हणजे झालं का तुमचं. सासू म्हणते तेव्हा 'बरं' म्हणजे बघून घेईन. मी तीस वर्षं पंप विकले, मला 'बरं' म्हणणाऱ्या एकानंही पंप घेतलेला नाही. मी ते वहीत लिहून घेतलं, माझ्या सुंदर अक्षरात.

आता ती सकाळ सांगतो. टाळत आलो होतो.

सहाव्या आठवड्यात मृणालला ताप होता म्हणून मी एकटा गेलो. पुरंदरच्या पायथ्याचं गाव, दोन एकरांची बाग, मालक पहाटेच पहिली खेप घेऊन पुण्याला गेलेला. बागेत पाच बाया तोडणी करत होत्या. उजाडत होतं. अंजिराच्या पानांचा एक वास असतो, ओल्या खोबऱ्यासारखा, तो सगळ्या बागेत भरून होता. पानं अंगाला घासली की पॉलिश पेपरसारखी. त्यांच्यातल्या पार्वताबाई साधारण माझ्या वयाच्या. त्यांनी दोन्ही हातांच्या बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. मी विचारलं कशाला? म्हणाल्या, चीक लागतो. आग होते, मग सालपटं निघतात. हातमोजे का नाही घालत? त्यांनी माझ्याकडे, एखाद्या पोराला समजवावं तसं पाहिलं. मोजा घातला की फळ कळत नाही. पिकलं का, ते दाबून बघायचं नसतं, नुसतं बोट टेकवायचं. चिंधीतनं बोटाचं टोक उघडं ठेवायचं ते त्यासाठीच. म्हणजे जिथं जळतं तिथंच उघडं.

माझ्या पिशवीत बाटली होती. नियम मोडून आणली होती. मला राहवत नव्हतं. साठ-पासष्ट माणसांशी मी माझ्या आवरणाचं नाव न काढता बोललो होतो, आणि बारा वर्षांचं पोर कुणाला दाखवायचं नाही म्हणजे काय? मी पार्वताबाईंना म्हटलं, एक गंमत दाखवू का? त्यांच्याकडचं एक लहान पातेलं घेतलं, त्यात ते दुधट पाणी ओतलं. त्यांनी डाव्या हाताच्या चिंध्या सोडल्या, भिजतील म्हणून, आणि त्याच हातानं समोरच्या पाटीतली अंजिरं एकेक बुडवून पानांवर मांडली. मग ऊन वर यायच्या आत तोडायचं म्हणून तशाच परत झाडांत शिरल्या. डावा हात तसाच, उघडा.

मी बांधावर बसून माझी अंजिरं वाळताना बघत होतो. पापुद्रा छान बसला होता. मी खूश होतो.

दोनेक तासांनी त्या परत आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही पंजे पुढे केले. उजवा चिंध्यांतून लालबुंद, टोकं सुजलेली. डावा उघडा होता आणि नुसता मळलेला. त्या म्हणाल्या:

"ह्यो हात बगा, सायेब. आन् ह्यो बगा."

मी पाहिलं. मला कळलं. हे इथं स्पष्ट लिहायला हवं, कारण पुढं मी स्वतःशीसुद्धा म्हणत आलो की मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. कळलं होतं. एकच बाई, एकच झाड, एकच सकाळ, एका हातावर माझा पापुद्रा, एकावर नाही. असा स्वच्छ प्रयोग मला बारा वर्षांत जमला नव्हता. अंगावर काटा आला. आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, म्हणजे मी बारा वर्षं तोडणाऱ्या बायांच्या हाताला लावायचं मलम बनवत होतो की काय? त्यावर निबंध कोण छापणार?

"फळाचं ऱ्हाऊ द्या," पार्वताबाई म्हणाल्या. "फळ काय, खपतंच. ह्या हाताचं जमतंय का बगा. घरी जाऊन भाकरी थापायची आसती, मिरची कुटायची आसती. रडू येतं वो."

मी म्हणालो, "बघू."

पुण्यात 'बघू' म्हणजे काय ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. त्या गावात त्याचा अर्थ काय होतो मला माहीत नाही. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बरं."

परतताना घाटाच्या माथ्यावर स्कूटर थांबवून मी फॉर्म भरला. मुलाखत क्रमांक त्रेसष्ट. खरं लिहिलं असतं तर बाटलीचं लिहावं लागलं असतं, आणि शुक्रवारी रेगे मॅडमनी वर्गात ते वाचलं असतं. आधीच एकदा हसं झालं होतं. प्रश्न होता, फळ आणखी दोन दिवस टिकलं तर तुम्हाला उपयोग होईल का? मी नेमक्या शब्दांच्या रकान्यात लिहिलं, 'फळ टिकणं महत्त्वाचं वाटतं.' आणि 'होय'च्या चौकटीत खूण केली. खाली पुणं उन्हात पसरलं होतं. मला तहान लागली होती. एवढंच आठवतं.

एकदा एक खूण केली की दुसरी सोपी जाते. शेवटच्या आठवड्यात तक्ता मी केला. मृणालनं विचारलं, सर, माझ्या 'बरं'चं काय करायचं? कुठल्या रकान्यात? मी म्हटलं, होयमध्ये घे. ती म्हणाली, पण मॅडम तर म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, मॅडम पंपांबद्दल बोलत होत्या. तिनं घेतलं. मी तिचा मार्गदर्शक होतो.

शेवटच्या शुक्रवारी आमचा तक्ता पडद्यावर आला तेव्हा होयचा खांब वरपर्यंत गेला. टाळ्या झाल्या. भौतिकशास्त्राच्या गृहस्थांनी माझ्या पाठीवर थाप मारली. रेगे मॅडमनी टाळ्या वाजवल्या, पण फॉर्मचा गठ्ठा परत देताना हलक्या आवाजात म्हणाल्या, फार नीट आहेत, सर. माणसं इतकी नीट बोलत नाहीत. मी म्हणालो, थँक्यू.

मृणालला त्याच महिन्यात अमरावतीच्या एका महाविद्यालयात कायमची जागा मिळत होती. तिनं ती सोडली आणि आमच्या आवरणाची कंपनी काढायचं ठरवलं. मला येऊन सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळलेला होता की मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो. म्हणाली, आई विचारत होती, सरांना खात्री आहे का? "मी म्हटलं, आई, सर मोजल्याशिवाय बोलत नाहीत."

तेव्हा सांगता आलं असतं. दार बंद होतं, खोलीत दोघंच होतो, बाहेर शिपाई बादल्या वाजवत होता. मी म्हणालो, तू करशील.

दोन मोसम तिनं केलं. पाट्या उचलल्या, यार्डात उभी राहिली, शेतकऱ्यांना बाटल्या फुकट दिल्या. त्यांनी घेतल्या, 'बरं' म्हणाले आणि पुन्हा मागितल्या नाहीत. तिच्याच फॉर्ममध्ये लिहिलेलं होतं, सहाला गाळ्यावर पोचलं पाहिजे. फळ पहाटे तुटत होतं, सकाळी विकलं जात होतं, दुपारी खाल्लं जात होतं. ज्याला आम्ही दोन दिवस देत होतो त्याला दोन तास हवे होते. तिसऱ्या वर्षी तिनं कंपनी मिटवली. आता हिंजवडीला एका संगणक कंपनीत औषधांच्या चाचण्यांचे अहवाल तपासते. सकाळी सातला कंपनीची बस, संध्याकाळी परत, दोन्ही वेळा वाहतुकीत. मला दर दिवाळीला फोन करते. एकदाही म्हणाली नाही की सर, तुमचं मोजणं चुकलं.

रेगे मॅडमचा फोन आला त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर शोभेल, पण मला लागली. सकाळी उठून मात्र मी थेट प्रयोगशाळेत गेलो आणि वरच्या फळीवरून फॉर्मचं खोकं उतरवलं. त्रेसष्ट क्रमांक सापडायला वेळ लागला नाही, सगळे क्रमानं लावलेले. 'फळ टिकणं महत्त्वाचं वाटतं.' माझं अक्षर. त्या वाक्यात पार्वताबाई कुठंच नव्हत्या. त्यांचे हात नव्हते, पातेलं नव्हतं, ओल्या खोबऱ्याचा वास नव्हता.

मग मी काय केलं असेल? डिंक काढला. मेण काढलं. जुनी पद्धत हाताला आठवत होती. पाणी दुधट झालं, तो पुसट वास आला, आणि मला पंचविशीत यायचा तसा चेव आला. मग कोपऱ्यावरच्या माणसाकडून मी अंजिराच्या पानांचा जुडगा आणि देठासकट कच्ची फळं मागून आणली. त्यानं विचारलं, कच्ची कशाला? मी म्हटलं, चीक हवाय. तो म्हणाला, साहेब, लोक चीक नको म्हणून पिकलेली नेतात, आपलं वेगळंच. डावा पंजा मी पाण्यात बुडवून वाळवला. मग देठ मोडून मोडून दोन्ही हातांच्या बोटांना चीक फासला आणि विभागाच्या गच्चीवर उन्हात जाऊन बसलो, दोन्ही पंजे गुडघ्यांवर उघडे ठेवून. शेजारच्या खोलीतल्या सहकारी बाई वाळत घातलेले पापड बघावेत तसं मला बघून गेल्या. विचारलं नाही काही. पुण्यात असं सहसा विचारत नाहीत, फक्त नंतर इतरांना सांगतात.

दुपारपर्यंत उजवा हात बोलायला लागला. आधी खाज, मग आग, मग बोटांची टोकं लाल. डावा गप्प होता. मी गच्चीवर एकटाच हसत होतो. डोळ्यांत पाणी होतं ते उजव्या हातामुळे, असं समजू. माझ्या हातानं केलेला सगळ्यात साधा प्रयोग, आणि तोही माझा नव्हे. चार वर्षांपूर्वी एका बाईंनी तो करून, दोन्ही पुरावे माझ्या नाकासमोर धरून दाखवला होता. मी फक्त पुन्हा करून पाहिला.

घरी बायकोनं उजवा हात पाहिला आणि विचारलं, हे काय केलंत? मी म्हटलं, लिहून दाखवतो. मग हे लिहायला बसलो. उजव्या हातानंच लिहिलं. म्हणून पहिल्या पानांवर माझं अक्षर नेहमीसारखं नीट नाही, आणि ते बरंच झालं.

पुढच्या शुक्रवारी मी वर्गाला जाणार आहे. नमुना म्हणून त्रेसष्ट क्रमांकच दाखवणार आहे. रेगे मॅडमना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, या, आणि बाटलीही आणा. म्हणजे त्यांना बाटलीचा संशय तेव्हाच आला होता की काय? विचारायचं धाडस झालं नाही. वर्गात विचारीन.

पण छापायला देण्याआधी हे सगळं मृणालनं वाचायला हवं होतं. मी पानांचे फोटो काढून तिला पाठवले. दोन दिवस काही नाही. रविवारी सकाळी तिचा फोन आला. ती काय बोलली ते मी तिच्याच शब्दांत लिहितो, एकही शब्द न सुधारता.

"वाचलं, सर," ती म्हणाली. मागे तिच्या कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "बरं."

हे कुठलं 'बरं' होतं, मला माहीत नाही. मी ते कुठल्याही रकान्यात टाकलेलं नाही. मी म्हणालो, मृणाल, तुझी ती अमरावतीची जागा. ती म्हणाली, "ते नंतर बोलू. त्याचं मला अजून काय वाटून राहिलं ते मलाच माहीत नाही." मग तिचा आवाज बदलला. तो आवाज मी चार वर्षांत ऐकला नव्हता, घाटात स्कूटरवर मागून यायचा तो.

"सर, आपलं ते खाण्याजोगं आहे."

म्हटलं, हो.

"म्हणजे हाताला लावून भाकरी थापली तरी चालते. दुसरं कोणतंही मलम लावून नाही थापता येत. त्या बाईंनी सांगितलं होतं ना, घरी जाऊन भाकरी थापायची असते? मग पिठात हात घातल्यावर ते निघून जाते, की राहते? विचारलं का तुम्ही?"

मी विचारलं नव्हतं. बारा वर्षं मी ते खाण्याजोगं केलं होतं फळासाठी, आणि ते कशासाठी खाण्याजोगं असायला हवं होतं, हे तिनं कुकर उतरवता उतरवता पाहिलं. मी म्हणालो, नाही, विचारलं नाही.

"मग जाऊ," ती म्हणाली. "शनिवारी मला सुट्टी आहे. पण प्रश्न मी विचारीन. तुम्ही नुसतं लिहा, जसं बोलतील तसं."

मी "बरं" म्हणालो. माझं 'बरं' होयचं होतं.

शनिवार अजून आलेला नाही. पार्वताबाई त्याच बागेत तोडणीला येतात की नाही, हे माहीत नाही, त्यांचं आडनाव मी लिहून घेतलं नव्हतं, आणि त्यांच्या हातांवर आणखी चार मोसमांचा चीक बसला आहे. मृणालची वर्षं मला परत देता येणार नाहीत, ती माझ्याकडे राहिली आहेत. पार्वताबाईंनी मला एक प्रश्न विचारला होता, जमतंय का बगा. त्याचं उत्तर मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.